जुनी स्पोर्ट्स कार वरच्या आरपीएमला का दमते? उत्तर शोधताना भेटतात चार्ल्स केटरिंग

जग्वार ई-टाइपसारखी १९६०च्या दशकातली कार ५००० आरपीएमनंतर मान टाकायला लागली, की सगळे आधी कार्ब्युरेटर उघडतात. मी आधी इग्निशनचे पॉइंट्स बघेन. गणित सोपं आहे: सहा सिलिंडर आणि ६००० आरपीएम म्हणजे सेकंदाला ३०० स्पार्क. पॉइंट्सची स्प्रिंग ढिली असेल तर ते उसळतात, वेळेत मिटत नाहीत. मग कॉइल पूर्ण चार्ज होत नाही आणि स्पार्क हुकतो.

ही बॅटरी-कॉइलची सिस्टीम चार्ल्स केटरिंग यांची. जन्म १८७६, अमेरिकेतलं ओहायो. डोळ्यांच्या त्रासामुळे शिक्षण मध्येच थांबलं. इंजिनीअरिंगची डिग्री हातात पडली १९०४ मध्ये. १९०९ मध्ये एडवर्ड डीड्स यांच्यासोबत त्यांनी डेल्को कंपनी काढली. १९१०च्या कॅडिलॅकमध्ये त्यांचं इग्निशन आलं, १९१२ मध्ये सेल्फ-स्टार्टर.

पुढे इंजिनांत नॉकिंगची तक्रार आली आणि दोष त्यांच्याच इग्निशनवर आला. त्यांनी खोलात जाऊन शोधलं, तर गडबड इंधनात होती. डीबगिंग एक नंबर! पण फिक्स? १९२१ मध्ये त्यांच्या टीममधल्या थॉमस मिजली यांना पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळायचा उपाय सापडला. नॉकिंग थांबलं, पण विष हवेत गेलं. १९२४ मध्ये ते संयुग बनवणारे कामगार मेले. विक्री थोडा काळ थांबली आणि पुन्हा सुरू झाली. भारतात असं पेट्रोल २००० साली बंद झालं.

केटरिंग १९५८ मध्ये गेले. कोड रिलीज करताना मला ते हमखास आठवतात. बग बरोबर पकडला, म्हणून फिक्सही बरोबर असेलच असं नाही.