धोतरा, अफू आणि गोव्याचा डॉक्टर

मालगुंडला गेलात तर केशवसुतांचं स्मारक बघालच. पण येताना रस्त्याकडेच्या झुडपांवरही नजर टाका. धोतरा कोकणात कुठेही उगवतो. ‘तुतारी’ लिहिणाऱ्या कवीच्या गावात तुतारीच्या आकाराचं फूल, हा आपला योगायोग! याच धोतऱ्यावर साडेचारशे वर्षांपूर्वी गोव्यातल्या एका पोर्तुगीज डॉक्टरने एक अख्खं प्रकरण लिहिलं. गार्सिया द ओर्ता त्याचं नाव.

ओर्ताचे आईवडील स्पेनमधून हाकलले गेलेले ज्यू. पोर्तुगालमध्ये त्यांना सक्तीने ख्रिश्चन व्हावं लागलं. मुलगा शिकून डॉक्टर झाला, लिस्बनच्या विद्यापीठात शिकवू लागला. पण धर्म बदलला तरी अशा घरांवरचा संशय काही जात नव्हता. 1534 मध्ये मार्तिम अफोन्सो द सौझाचा वैद्य म्हणून तो जहाजावर चढला आणि गोव्याला आला. पुढे त्याच आरमाराबरोबर दीवकडे जाताना मालगुंडचा किनारा त्याच्या उजव्या हाताला राहिला असणार.

मायदेशी तो परतलाच नाही. गोव्यात प्रॅक्टिस, अहमदनगरला बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी ये-जा, शिवाय मुंबईचं बेट चक्क भाड्याने घेतलेलं! हकीम, वैद्य, व्यापारी, सगळ्यांना तो प्रश्न विचारायचा. ग्रीक ग्रंथांत काय लिहिलंय यापेक्षा समोर काय दिसतंय याला त्याने जास्त किंमत दिली. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती.

1563 मध्ये गोव्यातच त्याचं पुस्तक छापलं गेलं. लॅटिनमध्ये नाही, पोर्तुगीजमध्ये. आणि तेही गप्पांच्या रूपात. धोतऱ्याच्या प्रकरणात गप्पा चालू असतानाच निरोप येतो: घरातल्या गुलाम बाईने मालकिणीला धोतरा खायला घालून दागिने लांबवलेत. मालकीण नुसती हसतेय, विचारलं एक तर उत्तर भलतंच. ओर्ता उलटी करवून विष बाहेर काढायला धावतो. अफूवरही त्याने लिहिलंय. निजामशहाचा एक चिटणीस तोळ्यात मोजावी इतकी अफू रोज खायचा. माणूस विद्वान, पण सदा पेंगणारा.

कारण तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. अफूतलं मॉर्फिन वेगळं काढायला एकोणिसावं शतक उजाडलं. धोतऱ्यातले अ‍ॅट्रोपिन आणि स्कोपोलामिन हे अल्कलॉइड नसांमधला अ‍ॅसिटिलकोलिनचा निरोप अडवतात. मग तोंड कोरडं, बाहुल्या मोठ्या, छातीत धडधड आणि भ्रम. पण कीटकनाशक पोटात गेलेल्या शेतकऱ्याला दवाखान्यात जे इंजेक्शन देतात, तेही अ‍ॅट्रोपिनच! चिनी वैद्यकात धोतऱ्याची फुलं आणि बचनाग, दोन्ही वेदनेवर वापरतात. बचनागाचं विष कमी व्हावं म्हणून तो आधी बराच वेळ उकळतात. जपानमध्ये हानाओका सेइशू याने 1804 मध्ये या दोन्हींच्या काढ्याने बेशुद्ध करून एका बाईच्या स्तनाच्या गाठीचं ऑपरेशन केलं. त्याआधीच्या प्रयोगांत त्याच्या बायकोची दृष्टी गेली होती.

ओर्ता 1568 मध्ये वारला. पुढच्याच वर्षी इन्क्विझिशनने त्याच्या बहिणीला, कातारिनाला, जिवंत जाळलं. 1580 मध्ये त्याचीही हाडं उकरून काढून जाळली. गुन्हा एकच, चोरून ज्यू धर्म पाळल्याचा. तोवर त्याच्या पुस्तकाचा लॅटिन सारांश युरोपभर वाचला जात होता. पणजीत चर्चजवळच्या बागेला आज त्याचं नाव आहे.