विश्लेषण : मित्राला सावरण्यासाठी उभा राहिलेला बँड… लेन स्टेली आणि ‘मॅड सीझन’ची कहाणी काय?

अमेरिकेतील सिएटल शहराच्या रॉक संगीतात ५ एप्रिल ही तारीख दोनदा काळी ठरली. १९९४ मध्ये ‘निर्वाणा’च्या कर्ट कोबेनने या दिवशी आयुष्य संपवले. आठ वर्षांनी, २००२ मध्ये, ‘ॲलिस इन चेन्स’चा गायक लेन स्टेली गेला. त्याच्या मृत्यूचा दिवसही वैद्यकीय अंदाजानुसार ५ एप्रिलच. कोबेनवर चित्रपट आले, पुस्तकांचा ढीग पडला. स्टेली त्या मानाने सावलीतच राहिला. मात्र त्याच्या ३४ वर्षांच्या आयुष्यात एक प्रकरण असे आहे, जे रॉकच्या इतिहासात क्वचितच सापडते. तीन नामांकित बँडमधील कलाकार त्याच्याभोवती एकत्र आले आणि त्यामागे पैसा किंवा प्रसिद्धी नव्हती. त्याचे व्यसन सुटावे, ही एका मित्राची धडपड होती.

साइड प्रोजेक्ट म्हणजे नेमके काय?

मुख्य बँड न सोडता, त्यातील एखाद-दुसऱ्या सदस्याने इतरांना घेऊन केलेले वेगळे काम म्हणजे साइड प्रोजेक्ट. व्यावसायिक नाटकाचे दौरे सांभाळून एखादा नट प्रायोगिक रंगमंचावर काम करतो, तसेच काहीसे. कारणे बहुधा साधी असतात. मुख्य बँडला न शोभणारी गाणी साचलेली असतात, दौऱ्यांचा कंटाळा आलेला असतो किंवा मित्रांबरोबर वाजवायचे राहून गेलेले असते. जॉर्ज हॅरिसन, बॉब डिलन, रॉय ऑर्बिसन, टॉम पेटी आणि जेफ लिन यांचा १९८८ मधील ‘ट्रॅव्हलिंग विल्बरीज’ हे याचे सर्वात हसतेखेळते उदाहरण.

सिएटलमध्ये मात्र या प्रकाराला दु:खाची किनार होती. तेथील बँड एकाच काळात, एकमेकांच्या तालमी ऐकत मोठे झाले. ‘मदर लव्ह बोन’चा गायक अँड्र्यू वूड मार्च १९९० मध्ये हेरॉइनच्या अतिसेवनाने गेला, तेव्हा ‘साउंडगार्डन’च्या क्रिस कॉर्नेलने त्याच्या आठवणीत गाणी लिहिली. वूडचे जुने साथीदार आणि पुढे ‘पर्ल जॅम’ म्हणून ओळखली गेलेली मंडळी जमली आणि १९९१ मध्ये ‘टेम्पल ऑफ द डॉग’ हा एकमेव अल्बम आला. तो गेलेल्या मित्रासाठी होता. ‘मॅड सीझन’ जिवंत मित्रासाठी होता.

लेन स्टेली कोण होता?

त्याचा जन्म २२ ऑगस्ट १९६७ चा, सिएटलजवळचा. तो सात वर्षांचा असताना आईवडील विभक्त झाले आणि वडील आयुष्यातून जवळजवळ नाहीसेच झाले. आपण प्रसिद्ध झालो तर ते परत येतील, अशी या मुलाची समजूत होती. ती पुढे खरी ठरली, पण वडील परतले ते स्वत:चे व्यसन घेऊन. बाराव्या वर्षी तो ड्रम वाजवू लागला, मग गाण्याकडे वळला. १९८७ मध्ये गिटारवादक जेरी कँट्रेलशी त्याची गाठ पडली. दोघे काही काळ सिएटलमधील ‘म्युझिक बँक’ नावाच्या तालमीच्या जागेतच राहत. तिथूनच ‘ॲलिस इन चेन्स’ उभा राहिला.

या बँडचे वेगळेपण दोघांच्या आवाजांच्या जोडीत होते. आपल्या द्वंद्वगीतात दोन आवाज बहुतेक वेळा एकच चाल वाटून घेतात. येथे दोघे एकाच वेळी वेगवेगळ्या स्वरांवर गात आणि ते स्वर एकमेकांना किंचित बोचतील इतके जवळ असत. त्यातून अस्वस्थ करणारी भारलेली छटा तयार होई. १९९० च्या ‘फेसलिफ्ट’ने नाव झाले, १९९२ च्या ‘डर्ट’ने दबदबा. ‘डर्ट’मधील अनेक गाणी थेट व्यसनाबद्दल आहेत. त्यांचा गौरव करावा असा स्टेलीचा हेतू नव्हता, पण काही चाहत्यांनी ती तशीच घेतली आणि याचा त्याला मनस्ताप झाला. जानेवारी १९९४ मध्ये ‘जार ऑफ फ्लाइज’ आला. पूर्ण अल्बमपेक्षा छोट्या, ईपी स्वरूपाच्या या संग्रहाने बिलबोर्डच्या यादीत थेट पहिला क्रमांक गाठला. असे पूर्वी कधी घडले नव्हते. मात्र त्याच वर्षी ‘मेटॅलिका’बरोबरचा दौरा स्टेलीच्या प्रकृतीमुळे रद्द करावा लागला आणि बँडचे काम काही महिने थांबले.

‘मॅड सीझन’ कसा जन्मला?

‘पर्ल जॅम’चा गिटारवादक माइक मॅक्रेडी याच सुमारास दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनावर मिनेसोटा राज्यात उपचार घेत होता. तेथे त्याला जॉन बेकर साँडर्स हा बासवादक भेटला. तोही व्यसनातून बाहेर पडू पाहत होता. दोघे सिएटलला आले आणि ‘स्क्रीमिंग ट्रीज’चा ड्रमर बॅरेट मार्टिन त्यांना मिळाला. गायक म्हणून मॅक्रेडीने स्टेलीला बोलावले.

त्यामागचा विचार सरळ होता. स्टेलीला उपदेश करायचा नाही, अटी घालायच्या नाहीत. नशेपासून दूर असलेल्या वादकांमध्ये तो वावरला, मनाजोगे काम मिळाले, तर तोही हळूहळू सावरेल. संगत माणसाला बिघडवते, तशी सुधारूही शकते, हाच तो हिशेब.

ऑक्टोबर १९९४ मध्ये सिएटलच्या ‘क्रोकोडाइल कॅफे’त त्यांनी गाजावाजा न करता पहिला कार्यक्रम केला. तेव्हा नाव वेगळे होते. ‘मॅड सीझन’ हे नाव मागाहून आले. इंग्लंडच्या ज्या भागात ‘पर्ल जॅम’च्या पहिल्या अल्बमचे काम झाले होते, तेथे नशा आणणाऱ्या रानटी अळंब्यांच्या हंगामाला असे म्हणत. व्यसन सोडू पाहणाऱ्यांच्या बँडला हे नाव, हा विनोद की स्वत:ला दिलेला इशारा, हे ज्याने त्याने ठरवावे.

त्या अल्बममध्ये वेगळे काय होते?

‘अबव्ह’ हा अल्बम मार्च १९९५ मध्ये आला. ‘ॲलिस इन चेन्स’मध्ये संगीताची सूत्रे बरीचशी कँट्रेलकडे असत. येथे मॅक्रेडीने स्टेलीला मोकळे सोडले. शब्द त्याचे, चालींची मांडणी त्याची, मुखपृष्ठावरचे चित्रही त्यानेच काढलेले. त्या काळात तो खलिल जिब्रानचे ‘द प्रॉफेट’ वाचत होता आणि त्याचा ठसा गीतांवर उमटला, असे मार्टिनने पुढे सांगितले. वि. स. खांडेकरांच्या भाषांतरांमुळे मराठी वाचकाला परिचित असलेला जिब्रान सिएटलच्या स्टुडिओतही पोहोचला होता तर!

संगीत ऐकले की फरक लगेच जाणवतो. ‘ॲलिस इन चेन्स’चा लोखंडी भार येथे नाही. ब्लूजचा संथपणा आहे, वाद्यांमध्ये मोकळी जागा आहे. ‘वेक अप’ हे पहिलेच गाणे दबक्या बासवर सात मिनिटांहून अधिक काळ चालते. ‘लाँग गॉन डे’मध्ये सॅक्सोफोन आणि मरिम्बा आहेत, शिवाय ‘स्क्रीमिंग ट्रीज’च्या मार्क लॅनेगनचा खर्जातला आवाज. ‘रिव्हर ऑफ डिसीट’ रेडिओवर सर्वाधिक वाजले. आपल्या वेदनेची निवड आपणच केली, अशी त्यातली कबुली आहे. स्टेलीचे सर्वात निर्मळ गाणे कोणते, असे विचारले तर प्रस्तुत लेखकाचे उत्तर हेच असेल. ‘डर्ट’मध्ये तो आगीतून ओरडतो. येथे तो काठावर बसून पाण्याकडे पाहतो आहे, असे वाटते.

अल्बम बिलबोर्डच्या यादीत २४ व्या स्थानापर्यंत गेला आणि काही महिन्यांत अमेरिकेत सुवर्ण दर्जा, म्हणजे पाच लाख प्रतींचा टप्पा, त्याने गाठला. २९ एप्रिल १९९५ रोजी सिएटलच्या मूर थिएटरमधील कार्यक्रम चित्रित झाला. बँडचा तो अखेरच्या कार्यक्रमांपैकी एक.

मग हा प्रयत्न का फसला?

अल्बम यशस्वी झाला, उपचार झाला नाही. आपण स्टेलीला मदत करू शकू ही समजूत चुकीची होती, हे मॅक्रेडीने पुढे मान्य केले. पण त्यात त्याचा दोष शोधणे अन्यायाचे ठरेल. हेरॉइनचे अवलंबित्व हा दीर्घ आजार आहे. त्यात उपचारानंतर पुन्हा घसरणे नेहमीचे, आणि त्यावर वर्षानुवर्षे वैद्यकीय देखरेख लागते. बँड सोबत देऊ शकतो, पण ध्वनिमुद्रण संपले की जो तो आपल्या मूळ बँडकडे, दौऱ्यांकडे परततो. हा साइड प्रोजेक्टचा स्वभावच आहे. स्टेलीला ज्याची गरज होती ते नेमके उलट होते, कधीही न संपणारे काहीतरी.

तो ‘ॲलिस इन चेन्स’मध्ये परतला. नोव्हेंबर १९९५ मध्ये आलेला त्यांचा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला. एप्रिल १९९६ मध्ये एमटीव्हीच्या ‘अनप्लग्ड’ कार्यक्रमासाठी तो न्यूयॉर्कमध्ये गायला. शरीर कृश, आवाज मात्र शाबूत. ३ जुलै १९९६ रोजी कॅन्सस सिटीत ‘ॲलिस इन चेन्स’सोबतचा त्याचा शेवटचा कार्यक्रम झाला. ऑक्टोबरमध्ये त्याची पूर्वीची वाग्दत्त वधू व्यसनापायीच गेली. त्यानंतर त्याने दार लावून घेतले. १९९८ मध्ये मोजकी गाणी ध्वनिमुद्रित केली, बाकी शांतता. जानेवारी १९९९ मध्ये साँडर्स हेरॉइनच्या अतिसेवनाने गेला. १९ एप्रिल २००२ रोजी सिएटलमधील घरात स्टेलीचा मृतदेह सापडला, तेव्हा मृत्यू होऊन दोन आठवडे उलटले होते. त्याच्या खात्यातून पैसे काढले जात नसल्याचे हिशेबनिसांच्या लक्षात आल्याने घरच्यांना कळले.

पुढे काय झाले?

‘मॅड सीझन’च्या दुसऱ्या अल्बमसाठी काही संगीत तयार होते, पण स्टेलीने त्यावर कधी गायलेच नाही. २०१३ मध्ये ‘अबव्ह’ची विस्तारित आवृत्ती निघाली, त्यात यातील तीन गाण्यांना लॅनेगनने आवाज दिला. २०१५ मध्ये मॅक्रेडी आणि मार्टिन यांनी सिएटल सिंफनीबरोबर ही गाणी सादर केली, तेव्हा स्टेलीच्या जागी क्रिस कॉर्नेल उभा होता. कॉर्नेल २०१७ मध्ये गेला, लॅनेगन २०२२ मध्ये. ‘ॲलिस इन चेन्स’ नव्या गायकासह उभा राहिला आणि २००९ च्या अल्बमचे शीर्षकगीत त्याने स्टेलीला वाहिले. त्यात पियानो एल्टन जॉनचा आहे.

स्टेलीच्या आईने मुलाच्या नावाने निधी उभारला. सिएटलच्या संगीतविश्वातील व्यसनग्रस्तांच्या उपचारांसाठी तो वापरला जातो आणि त्यासाठी शहरात स्टेलीच्या स्मृतिप्रीत्यर्थ कार्यक्रम होतात. २०१९ मध्ये सिएटलच्या महापौरांनी २२ ऑगस्ट, म्हणजे त्याचा जन्मदिवस, ‘लेन स्टेली दिन’ म्हणून जाहीर केला.