उष्णतेचा हिशेबनीस जोसेफ ब्लॅक

घर थंड ठेवणारें वातानुकूलन यंत्र विकत घ्यावयास गेलें असतां दुकानदार प्रथम विचारतो कीं, यंत्र एक टनाचें हवें कीं दीड टनाचें? टन म्हणजे यंत्राचें वजन, अशी पुष्कळांची समजूत होते. परंतु तें यंत्र दोन माणसें उचलून नेतात, हें पाहिलें म्हणजे ही समजूत टिकत नाहीं. मग हा टन कशाचा? याचें उत्तर अडीचशेंहून अधिक वर्षांपूर्वीं स्कॉटलंडांतील एका दालनांत टांगलेल्या दोन कांचेच्या गोळ्यांत आहे. ते गोळे टांगणाऱ्या जोसेफ ब्लॅकचें चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थिवाचकांपुढें थोडक्यांत मांडीत आहों.

ब्लॅकचा जन्म १६ एप्रिल १७२८ रोजीं फ्रान्समधील बोर्दो शहरीं झाला. त्याचे वडील मूळचे बेलफास्टचे असून बोर्दो येथें मद्याचा व्यापार करीत. बाराव्या वर्षीं मुलाला शिक्षणासाठीं बेलफास्टला पाठविण्यांत आलें व तेथून पुढें तो ग्लासगो विद्यापीठांत गेला. तेथें विल्यम कलेन या व्यासंगी अध्यापकाच्या सहवासांत त्याला रसायनशास्त्राची गोडी लागली. १७५४ सालीं एडिंबरो येथें वैद्यकाच्या पदवीसाठीं लिहिलेल्या प्रबंधापासून जें संशोधन त्यानें सुरू केलें, त्यांतून आपण ज्याला कार्बन डायॉक्साइड म्हणतों त्या वायूचे गुणधर्म जगास कळले. या कामांत त्याचें मुख्य साधन होतें तराजू. जें मोजतां येतें तेंच खरें समजावयाचें, ही संवय त्यानें जन्मभर सोडली नाहीं.

१७५६ सालीं तो ग्लासगो येथें अध्यापक झाला. त्या काळीं विद्वानांचाहि असा समज होता कीं, बर्फ वितळण्याच्या बिंदूपर्यंत आला कीं त्यास आणखी थोडीशी उष्णता लागतांच तो सर्व पाणी होऊन जातो. ब्लॅकला हें पटेना. तसें असतें, तर वसंतांतील पहिल्याच उबदार दिवशीं डोंगरावरील सारें बर्फ एकदम वितळून भयंकर महापूर आले असते. प्रत्यक्षांत तें बर्फ आठवडेच्या आठवडे टिकतें. मग या काळांत त्यांत शिरणारी उष्णता जाते कोठें?

याचा शोध घेण्यासाठीं त्यानें पातळ कांचेचे दोन सारखे गोळे घेतले व प्रत्येकांत पांच औंस पाणी घातलें. एकांतील पाण्याचा त्यानें बर्फ केला. दुसऱ्यांतील पाणी न गोठवितां ३३ अंश फॅरनहाइटपर्यंत थंड केलें. मग ते दोन्ही गोळे ४७ अंश उष्णतामान असलेल्या एका मोठ्या दालनांत टांगले. थंड पाणी अर्ध्या तासांत ४० अंशांवर आलें. म्हणजे ७ अंश चढलें. बर्फाच्या गोळ्यास त्याच ४० अंशांवर येण्यास असे २१ अर्धे तास, म्हणजे साडेदहा तास लागले! प्रत्येक अर्ध्या तासांत ७ अंशांची उष्णता धरली, तर २१ वेळां ७ म्हणजे १४७ अंशांची उष्णता बर्फांत शिरली. परंतु उष्णतामापकावर ३२ पासून ४० पर्यंत अवघे ८ अंश दिसले. उरलेल्या १३९ अंशांचें काय झालें? ती उष्णता बर्फाचें पाणी करण्यांत खर्ची पडली होती. तिला त्यानें सुप्त उष्णता असें नांव दिलें व १७६२ सालीं ग्लासगो येथील विद्वन्मंडळापुढें हा शोध सांगितला. आजच्या सूक्ष्म मोजमापानें तो आंकडा १४४ च्या आसपास येतो, यावरून त्या साध्या साधनांनीं केलेल्या कामाची योग्यता कळून येईल.

आतां टनाचा उलगडा सोपा आहे. एक पौंड पाण्याचें उष्णतामान एक अंश फॅरनहाइटनें वाढविण्यास जी उष्णता लागते, तिला बी. टी. यू. म्हणतात. एक पौंड बर्फ वितळण्यास असे १४४ बी. टी. यू. लागतात. यंत्रें निघण्यापूर्वीं गारवा बर्फानेंच आणीत. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंतील तळ्यांचा बर्फ जहाजांतून मुंबईसहि येत असे. म्हणून यंत्राची शक्ति बर्फाच्या मापानें सांगण्याची रीत पडली. अमेरिकन टन २,००० पौंडांचा. तेवढा बर्फ २४ तासांत वितळतांना २,८८,००० बी. टी. यू. शोषून घेतो. म्हणजे दर तासास १२,०००. हाच तो एक टन! दीड टनाचें यंत्र खोलींतून तासाला १८,००० बी. टी. यू. उष्णता बाहेर काढतें.

पाण्याची वाफ होतांनाहि उष्णता अशीच लुप्त होते, हें ब्लॅकनें दाखविलें. गोठणबिंदूपासून उकळीपर्यंत पाणी तापविण्यास जी उष्णता लागते, तिच्या पांचपटींहून अधिक उष्णता त्याच उकळत्या पाण्याची वाफ करण्यास लागते. आणि वाफेचें पुन्हां पाणी झालें कीं ती सर्व परत मिळते. थंड देशांत नळांतून वाफ खेळवून घरें ऊबदार करतात, तीं याच नियमावर. वातानुकूलन यंत्रांतील द्रव खोलीच्या बाजूस वाफ होऊन उष्णता शोषतो व बाहेरच्या बाजूस पुन्हां द्रव होऊन ती टाकतो. हाच क्रम उलटा फिरवून थंडींत घर तापविलें, तर त्यास हीट पंप म्हणतात. आमच्या कोंकणपट्टींतील दमट हवेंत यंत्रास दुहेरी काम पडतें : हवेची प्रकट उष्णता काढावयाची व हवेंतील वाफेचें पाणी करून तिची सुप्त उष्णताहि काढावयाची. यंत्राच्या नळींतून ठिबकणारें पाणी या दुसऱ्या कामाची साक्ष देतें.

ग्लासगो विद्यापीठांत उपकरणें दुरुस्त करणारा जेम्स वॅट हा ब्लॅकचा मित्र. थोड्याशा वाफेनें पुष्कळ थंड पाणी कढत कसें होतें, याचें वॅटला कोडें पडलें असतां ब्लॅकनें त्याला आपला सिद्धांत समजावून दिला. त्याच्या उद्योगास पैशाचीहि मदत केली. १७६६ सालीं तो एडिंबरो येथें रसायनशास्त्राचा अध्यापक झाला. तेथें ॲडम स्मिथ व जेम्स हटन यांच्यासारखे पुरुष त्याचे स्नेही होते. प्रकृति नाजूक असूनहि शिकविण्यांत त्यानें हयगय केली नाहीं. मात्र लिहून प्रसिद्ध करण्याविषयीं तो उदासीन राहिला. सुप्त उष्णतेवर त्यानें स्वतः ग्रंथ छापला नाहीं. १७७२ सालीं स्वीडनमध्यें विल्के यानें तीच गोष्ट स्वतंत्रपणें प्रसिद्ध केली, आणि ब्लॅकचीं व्याख्यानें त्याच्या मरणानंतर १८०३ सालीं त्याचा शिष्य जॉन रॉबिसन यानें छापविलीं. त्याची ही उदासीनता अनुकरणीय आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. मिळविलेलें ज्ञान वेळेवर इतरांस देणें हेंहि विद्वानाचें कर्तव्यच आहे.

६ डिसेंबर १७९९ रोजीं एडिंबरो येथें तो निवर्तला. सांगतात कीं, मांडीवर दुधाचा पेला धरून तो बसला होता व दुधाचा थेंबहि न सांडतां त्याचा प्राण गेला.

ऊन किती तापलें आहे हें उष्णतामापक सांगतें; परंतु एखाद्या पदार्थांत उष्णता किती शिरली हें तें सांगत नाहीं. हा भेद साडेदहा तासांच्या धीरानें ब्लॅकनें जगास दाखविला. जें डोळ्यांस दिसत नाहीं तें नाहींच, असें मानणाऱ्यानें बर्फाचा तो गोळा आठवावा.