कोल्हापूरच्या मिस्त्रींचा कॅमेरा

चित्रपट दाखवणारे यंत्र आणि चित्रपट टिपणारे यंत्र यांची रचना बरीचशी सारखी असते. दोन्हींत दातेरी चाकांवरून फिल्म सरकते, क्षणभर थांबते आणि पुढे जाते. फरक एवढाच, की एकात दिव्याचा झोत फिल्ममधून बाहेर टाकायचा असतो. दुसऱ्यात भिंगातून येणाऱ्या किरणांखेरीज प्रकाशाचा कणही आत शिरू द्यायचा नसतो. या फरकापायी कोल्हापूरच्या एका चित्रकाराने ऐन तारुण्याची काही वर्षे खर्ची घातली. बाबूराव कृष्णराव मिस्त्री हे त्यांचे नाव. महाराष्ट्र त्यांना कलामहर्षी बाबूराव पेंटर म्हणून ओळखतो.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात, कारागिराच्या घरी झाला. कलाशाळेचे रीतसर शिक्षण त्यांना लाभले नाही. नात्याने भाऊ असलेल्या आनंदरावांसमवेत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवून त्यांनी नाव मिळवले आणि पेंटर हेच दोघांचे आडनाव होऊन बसले. १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला आणि या भावांना चित्रपटाचा ध्यास लागला. फाळके यांनी विलायतेहून कॅमेरा आणला होता. पेंटर बंधूंची तेवढी ऐपत नव्हती. जुना प्रोजेक्टर मिळवून, त्याची रचना अभ्यासून, कॅमेरा स्वतःच घडवायचा असा घाट त्यांनी घातला. मात्र १९१६ साली आनंदरावांचे निधन झाले आणि काम अर्ध्यावर राहिले.

बाबूरावांनी ते सोडले नाही. यंत्रविद्येत हात बसलेले विष्णुपंत दामले त्यांच्या मदतीला होते. कॅमेऱ्याच्या कथेत दामले यांचा उल्लेख बहुधा ओझरताच होतो, हे योग्य नव्हे.

अशा कॅमेऱ्याची खरी परीक्षा दोन ठिकाणी होते. पहिली फिल्मच्या सपाटपणाची. भिंगामागच्या चौकटीत फिल्म क्षणभर थांबते तेव्हा ती ताठ आणि सपाट असावी लागते. ती जराशी फुगली तरी चित्राचा मध्य स्पष्ट आणि कडा पुसट, किंवा त्याच्या उलट होते. मागची दाबपट्टी सैल असेल तर फिल्म डुलते. घट्ट केली तर ओरखडे उठतात. दुसरी परीक्षा अंधाराची. पेटीच्या झाकणाला केसाएवढी फट राहिली तरी आत शिरलेला प्रकाश निगेटिव्हवर काळा आणि पडद्यावर पांढऱ्या धुक्यासारखा उमटतो. पितळेच्या कामासाठी नावाजलेल्या भंडाऱ्याच्या कारागिराला झाकण चपखल बसवणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. त्यातून दोष कळतो तो फिल्म धुतल्यावरच, म्हणजे ती वाया गेल्यावर. १२० रोल फिल्मचे जुने कॅमेरे वापरणारे हौशी छायाचित्रकार आजही याच दोन दोषांशी झगडतात. फिल्म रुळावर बरेच दिवस तशीच राहिली तर तिला बाक येतो, आणि जुन्या कॅमेऱ्याच्या दाराची मखमल झिजली की उजेड आत येतो.

१९१८ साली बाबूरावांचा कॅमेरा तयार झाला. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली ती गायिका तानीबाई कागलकर यांच्या आर्थिक साहाय्यावर. या स्वदेशी कॅमेऱ्याने टिपलेला 'सैरंध्री' १९२० साली पुण्यात झळकला. त्यातील कीचकवध इतका खरा वाटला की प्रेक्षक हादरले आणि ते दृश्य पुढे कापावे लागले. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली.

पुढे १९२३ च्या 'सिंहगड'मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला, तर १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये शेतकऱ्याचे कर्जबाजारीपण पडद्यावर आणले, तरुण व्ही. शांताराम या चित्रपटातले नायक होते. १९२९ साली दामले, फत्तेलाल आणि शांताराम बाहेर पडले व सहकाऱ्यांसह त्यांनी 'प्रभात' काढली. महाराष्ट्र फिल्म कंपनी त्यानंतर फार काळ तग धरू शकली नाही. बोलपटांच्या काळात बाबूरावांनी मोजकेच चित्रपट केले आणि चित्रकला व शिल्पकलेत मन रमवले.

१६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरातच त्यांचे निधन झाले. शहरातील खरी कॉर्नरला कॅमेरा स्तंभाच्या रूपाने त्यांचे स्मारक आहे. ज्या 'सैरंध्री'साठी तो कॅमेरा प्रथम फिरला, त्या चित्रपटाची प्रत मात्र आज उपलब्ध नाही.