छाती-पोटातली पोकळी येते कुठून? उत्तर शोधणारे रॉबर्ट रेमाक

हृदय धडधडते, फुप्फुसे फुगतात, आतडी वळवळतात. तरी पोटाच्या कातडीला ओढ बसत नाही. कारण हे अवयव शरीराच्या आतल्या पोकळीत, म्हणजेच देहगुहेत, बऱ्यापैकी सैल असतात. ही पोकळी गर्भात कशी तयार होते, हे उलगडण्यात रॉबर्ट रेमाक यांचा मोठा वाटा आहे.

रेमाक यांचा जन्म १८१५ मध्ये, तेव्हा प्रशियाच्या ताब्यात असलेल्या पोझनानमध्ये, ज्यू कुटुंबात झाला. बर्लिनला ते डॉक्टर झाले. पण ज्यूंना तिथल्या विद्यापीठात शिकवण्याची मुभा नव्हती. बाप्तिस्मा घेतला की दार उघडे. रेमाक यांनी तो घेतला नाही. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांनी शब्द टाकला आणि राजाच्या खास परवानगीने १८४७ मध्ये त्यांना शिकवण्याचा हक्क मिळाला. पगार मात्र नाही. पोटापाण्यासाठी रुग्ण तपासायचे आणि उबवलेली कोंबडीची अंडी फोडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची, असे त्यांचे दिवस गेले.

गर्भ आधी पसरट चकतीसारखा असतो आणि त्यात थर असतात, हे क्रिस्टियान पँडर यांनी १८१७ मध्येच दाखवले होते. रेमाक यांनी १८५० ते १८५५ दरम्यान प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रत्येक थराच्या पेशींपासून पुढे काय बनते, याचा हिशेब मांडला. बाहेरच्या थरापासून त्वचा आणि मज्जासंस्था, आतल्या थरापासून अन्नमार्गाचे अस्तर. खरी गंमत मधल्या थरात आहे. त्याच्या दोन्ही बाजू पापुद्रा सुटावा तशा दुभंगतात. एक पापुद्रा शरीराच्या भिंतीला चिकटतो, दुसरा आतड्याला. मधे उरलेली फट म्हणजे देहगुहा.

माणसाच्या गर्भात ही फट चौथ्या आठवड्यात दिसते. पुढे तिचे हृदय, फुप्फुसे आणि पोट यांच्याभोवतीचे वेगळे कप्पे होतात. छाती आणि पोट यांमधला पडदा नीट मिटला नाही, तर आतडी छातीत सरकतात आणि फुप्फुसांची वाढ खुंटते. अशा बाळाला जन्मताच श्वास घेणे अवघड जाते. गांडुळातही देहगुहा असते. चपट्या कृमींमध्ये मात्र ती नसतेच.

पेशी पेशीच्या विभाजनातूनच जन्मते, हेही रेमाक यांनी याच गर्भांवरून १८५२ मध्ये मांडले. श्रेय बव्हंशी रुडॉल्फ फिरखो यांच्या नावावर गेले. रेमाक यांना १८५९ मध्ये दुय्यम दर्जाचे प्राध्यापकपद मिळाले. पूर्ण प्राध्यापक ते कधीच झाले नाहीत. १८६५ मध्ये, अवघ्या पन्नासाव्या वर्षी, किसिंगन इथे त्यांचे निधन झाले. देहगुहेला ‘सीलोम’ हे आजही रूढ असलेले नाव त्यानंतर सात वर्षांनी एर्न्स्ट हेकेल यांनी दिले.