हवालदार गोपाळबाबा वलंगकर



मालवणच्या किनाऱ्यावरील आपल्या वस्तीत एखाद्या घरी लष्करी पेन्शनचे कागद जपून ठेवलेले असतील, तर ते नीट पाहा. त्या कागदाचा हक्क एकेकाळी आपल्या समाजापासून हिरावला गेला होता. तो परत मिळावा म्हणून ज्यांनी आरंभीच लेखणी उचलली ते गोपाळबाबा वलंगकर आपल्याच कोकणचे होते.

महाडजवळचे रावढळ हे त्यांचे गाव. ते लष्करात भरती झाले आणि १८८६ साली हवालदार म्हणून निवृत्त होऊन दापोलीस राहिले. दापोली आणि आपले मालवण तेव्हा एकाच रत्नागिरी जिल्ह्यात होते. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी.

लष्कराने आपल्या माणसांना काय दिले, हे ध्यानात घ्या. गावात महाराचे पोट बलुत्यावर आणि शिळ्या तुकड्यावर चाले. गाव रुसला की चूल विझे. पेन्शन मात्र सरकारातून रोख येई, ती कोणा खोताला अडवता येत नसे. शिवाय पलटणीच्या शाळेत शिपाई आणि त्यांची मुले अक्षर शिकत. पोट सुटले आणि अक्षर आले, म्हणून माणूस बोलू लागला.

गोपाळबाबा तसेच बोलू लागले. जोतीराव फुले यांच्या विचारांनी ते भारले होते. 'दीनबंधु' पत्रात त्यांनी लेख लिहिले, १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका काढून शिवाशिव मानणाऱ्यांना सव्वीस प्रश्न विचारले आणि अनार्य दोषपरिहारक मंडळी स्थापन केली. त्याच दापोलीत पेन्शनरांनी मुलांना शाळेत घ्या म्हणून अर्ज केले, तेव्हा मुलांना व्हरांड्यात बसवण्यात आले.

पुढे १८९२-९३ च्या सुमारास सरकारने लष्कराची रचना बदलली. जातवार पलटणी ठरल्या, काही जाती लढाऊ आणि बाकीच्या लढाऊ नव्हेत असे मानले गेले, आणि महारांची भरती बंद झाली. कोरेगावच्या स्तंभावर ज्यांची नावे सरकारनेच कोरली, त्यांच्या नातवंडांना दार बंद!

गोपाळबाबांची स्वतःची पेन्शन सुरू होती. ते स्वस्थ बसते तर त्यांचे काही बिघडले नसते. पण १८९४ साली त्यांनी सरकारसाठी अर्ज तयार केला. आपले लोक मूळचे क्षत्रिय आहेत, त्यांना लष्करात घ्यावे, अशी त्यात मागणी होती. आज आपल्याला क्षत्रिय म्हणवून घेण्याची गरज वाटत नाही. पण सरकारच कर्तृत्व सोडून जन्म विचारीत होते, म्हणून उत्तरही जन्माचेच द्यावे लागले. अर्जाला यश आले नाही. १८९५ साली महाडच्या तालुका बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तीही वरच्या जातींच्या सभासदांना खपली नाही. १९०० साली त्यांचे निधन झाले.

मागणी मात्र मेली नाही. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी ती पुन्हा मांडली. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, गरज पडताच महारांची पलटण उभारली आणि १९२१ साली ती मोडली. अखेर बाबासाहेबांच्या प्रयत्नांना यश येऊन १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. ती आजही आहे. खुद्द बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हेही लष्करी शाळेचे मुख्याध्यापक आणि दापोलीस राहिलेले पेन्शनर होते, हे विसरू नका.

तेव्हा, वाचकहो, घरात पेन्शन असेल तर ती कोणाची मेहेरबानी समजू नका. डिस्चार्जचे कागद जपा, पत्नीचे नाव नोंदीत बरोबर आहे ना ते पाहा. आणि एवढे झाल्यावर शेजारच्या विधवा माउलीचा अर्जही लिहून द्या. आपले पोट भरल्यावर गोपाळबाबांनी दुसऱ्यांसाठीच लेखणी झिजवली.