अंगणातली शाळा

गेल्या महिन्यात जळगावच्या आमच्या वस्तीतल्या बालवाडीत पालकसभा होती. एक आई तावातावानं उठली. मुलगा तीन महिने येतोय, पाटीवर एक अक्षर नाही, नुसता खेळतो, ही तिची तक्रार. मी तरी काय बोलणार? माझ्या लेकाच्या हातात मी अडीचव्या वर्षी पेन्सिल दिली होती. गिरवलं नाही म्हणून धपाटेही घातले. अजून ते आठवलं की पोटात कालवतं. मग मी तिला ताराबाई मोडकांची गोष्ट सांगितली.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा, मुंबईचा. माहेरच्या त्या केळकर. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. लग्न होऊन अमरावतीला गेल्या, पण संसार टिकला नाही. १९२१ मध्ये घटस्फोट झाला. त्या काळी हे केवढं मोठं! पण ताराबाई रडत बसल्या नाहीत. राजकोटला नोकरी केली, मग भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या. तिथे मॉन्टेसरी पद्धतीचं शिक्षण त्यांनी प्रत्यक्ष मुलांमध्ये राहून समजून घेतलं. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. १९३६ मध्ये मुंबईला, दादरला त्यांनी शिशुविहार काढलं.

शहरात सगळं छान चाललं होतं. पण गरिबाच्या लेकरांचं काय? मॉन्टेसरीची महागडी साधनं त्यांना कोण देणार? हा प्रश्न घेऊन १९४५ मध्ये त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. सोबतीला अनुताई वाघ होत्या. मुलं शाळेत येईनात, तर बाईंनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी! मुलांना आधी आंघोळ, मग खेळ. शंख-शिंपले, खडे, पानं, बिया हीच साधनं. पुढे कोसबाडला वारली मुलं गुरं राखायला जायची, तर शाळा कुरणात गेली.

आज ज्याला ज्ञानरचनावाद म्हणतात, तो हाच ना? मूल हाताळतं, चुकतं, पुन्हा करतं आणि आपलं आपण शिकतं. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. १९७३ साली त्या गेल्या. दोनच वर्षांनी सरकारची बालविकास योजना सुरू झाली आणि गावोगावच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं. ते बघायला बाई नव्हत्या.

मैत्रिणींनो, आपल्या खानदेशात काय कमी आहे? चिंचोके, सरकी, ज्वारीचे दाणे, केळीची पानं घरोघरी आहेत. धुळ्याची माझी एक मैत्रीण मोबाइलवर मुलांना पावसाचं गाणं ऐकवते, मग मोबाइल ठेवून देते आणि मुलांना ओल्या मातीत नेते. ऐकलेलं हाताला लागलं की मुलं विसरत नाहीत. मात्र नुसता मोबाइल हातात देऊन आपण स्वयंपाकाला लागलो, तर ते शिक्षण नव्हे.

त्या आईचं पूर्ण समाधान झालं असं नाही. पण दुसऱ्या दिवशी लेकाला सोडायला आली ती पिशवीभर चिंचोके घेऊन. पोरगा मोजत बसला. सातानंतर एकदम दहा म्हणाला. आई चूक सांगायला पुढे झाली, मी डोळ्यांनीच थांबवलं. त्यानं चिंचोके पुन्हा मांडले. या वेळी आठ आला.